पाकीट वेगळं, पत्र वेगळं: टर्मिनलवरून मराठी मेल पाठवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका पतसंस्थेच्या लिनक्स सर्व्हरवर रोज रात्री एक स्क्रिप्ट चालते आणि दिवसभराच्या जमा-खर्चाचा गोषवारा शाखाधिकाऱ्यांना मराठीत मेल करते. टर्मिनलसमोर बसून कमांड दिली की मेल नीट जातो. तीच कमांड क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांडी आपोआप चालवणारा प्रोग्राम) चालली की काही शाखांना मजकुराऐवजी ‘एटीटी००००१ डॉट बिन’ अशी फाइल मिळते आणि काहींना विषयाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. दोन शाखांना तर मेल पोचतच नाही, तरी स्क्रिप्ट ‘यशस्वी’ म्हणते. अर्धं काम अजून जुन्या सेंटओएस ७ वर आहे, अर्धं नव्या उबुंटूवर आणलंय. जुन्यावर चालणारी अटॅचमेंटची कमांड नव्यावर चालत नाही.

तुम्ही हे एकच दुखणं समजून विचारलंत. माझ्या मते ही चार वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. मी वीसेक वर्षं सर्व्हर सांभाळतोय. शाखेतल्या पोराला फोनवरून कमांड सांगण्यात त्यातला बराच वेळ गेलाय, त्यामुळे इथेही फोनवर सांगावं तशाच सांगतो: ‘हायफन एस’ म्हणजे आडवी रेघ आणि लहान एस. अक्षर कॅपिटल हवं असेल तिथे तसं म्हणेन.

आधी बिन फाइलचं बघू. तिच्यामागचं कारण कळलं की बाकीचं निम्मं आपोआप सुटतं.

तुम्ही लॉगिन करता तेव्हा शेलला तुमची भाषा-लिपी ठाऊक असते. लँग नावाच्या व्हेरिएबलमध्ये ‘एन-यूएस डॉट यूटीएफ-८’ (en_US.UTF-8) असं काहीतरी असतं. यूटीएफ-८ म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत. क्रॉन तुमच्या लॉगिनचं हे सामान उचलत नाही. तो स्वतःचं तुटपुंजं वातावरण घेऊन उठतो आणि त्यात बहुतेकदा लँग नसतंच. मग मेल कमांड ‘सी’ या मूळ लोकेलमध्ये (भाषा-लिपीच्या सेटिंगमध्ये) चालते, जिच्या लेखी फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं अस्तित्वात आहेत. तिच्यापुढे देवनागरी आली की सेंटओएसवरची मेल कमांड, म्हणजे हेअरलूम मेलएक्स, प्रामाणिकपणे हात वर करते: हा मजकूर कुठल्या लिपीत आहे मला माहीत नाही, म्हणजे हा मजकूरच नव्हे, ही बायनरी फाइल. ती त्यावर ‘ॲप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम’ असं लेबल लावते. पलीकडचं आउटलुक ते लेबल वाचून मजकुराला अटॅचमेंट करून टाकतं आणि स्वतःच त्याला नाव देतं. मजकूर शाबूत असतो. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा, सगळी मराठी दिसेल.

उपाय क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीच्या, अगदी वरच्या ओळीत आहे. तिथे एलसी-सीटाइप (LC_CTYPE) हे व्हेरिएबल ‘एन-यूएस डॉट यूटीएफ-८’ करा. उबुंटूवर ‘सी डॉट यूटीएफ-८’ही चालतं, सेंटओएस ७ वर ते नसतं. ‘लोकेल हायफन ए’ दिलं की सर्व्हरवर काय काय उपलब्ध आहे त्याची यादी येते. तिथे नसलेलं नाव लिहिलंत तर कमांड गुपचूप परत ‘सी’वर येते आणि तुम्ही आठवडाभर डोकं खाजवत बसता. मराठीचं म्हणून ‘एमआर-आयएन’ घालायचा मोह होईल. घालू नका, निदान लँगमध्ये तरी नको. त्याने तारखेतली महिन्यांची नावंही मराठीत येऊ लागतात आणि ती तारीख वाचणारी पुढची स्क्रिप्ट अडखळते. मेलला फक्त अक्षरांची ओळख हवी आहे, आणि तेवढं एलसी-सीटाइप देतं.

याच लक्षणाचं दुसरं एक कारण आहे. ते मराठी-इंग्रजी काही बघत नाही, म्हणून इथेच सांगतो. गोषवाऱ्याची फाइल विंडोजच्या यंत्रावरून आली असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं कॅरेज रिटर्न असतं. हेअरलूमला ते नियंत्रणचिन्ह दिसलं की ती पुन्हा ‘बायनरी’ म्हणते. लोकेल बरोबर असूनही बिन फाइल येत राहिली तर ‘डॉस-टू-युनिक्स’मधून फाइल काढा आणि मग पाठवा.

मराठी बिघडलेल्या मेलची नाडी कशी बघायची हेही सांगून ठेवतो. प्रश्नचिन्हं दिसली तर समजा की वाटेत कोणीतरी रूपांतर करायला गेलं, जमलं नाही, आणि मूळ अक्षरं फेकून दिली. तो मजकूर परत मिळणार नाही, पाठवणाऱ्याच्या बाजूलाच दुरुस्ती करायला हवी. डोक्यावर रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्याला लागून चार टोकांचं चलनचिन्ह, असं पुन्हा पुन्हा दिसलं तर बाइट अगदी बरोबर पोचलेत, फक्त लेबल चुकलंय. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि त्यातला पहिला नेहमी तोच, दुसरा बहुतेकदा तोच असतो. लॅटिनच्या चष्म्यातून बघितलं की त्यांचीच ही रांगोळी दिसते. चौकोनी डबे दिसले तर वाचणाऱ्याच्या यंत्रात फाँट नाही, तुमचा काही दोष नाही. ही तीन चित्रं ओळखता आली की फोनवरच निदान होतं. ‘नेमकं काय दिसतंय?’ हा माझा पहिला प्रश्न असतो आणि ‘काहीतरी घाण दिसतंय’ हे ठरलेलं उत्तर.

आता अटॅचमेंटची भानगड. इथे दोष तुमचा नाही.

‘मेल’ ही एक कमांड आहे असं सगळे समजतात. तशी ती १९७१ च्या पहिल्या युनिक्समध्येही होती. पण आज त्या एका नावाच्या पाटीमागे निदान चार वेगवेगळे कारागीर बसलेत. सेंटओएस ७ वर हेअरलूम मेलएक्स असते, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ च्या घराण्यात तिची वारसदार एस-नेल. डेबियन-उबुंटूवर बीएसडी-मेलएक्स किंवा ग्नू मेलयुटिल्स, त्या दिवशी ज्याने सर्व्हर उभा केला त्याने जे टाकलं असेल ते. साधा मेल चौघीही सारखाच पाठवतात: हायफन एस, विषय, पत्ता. गाडं अडतं ते हायफन ए वर. हेअरलूम आणि एस-नेलमध्ये लहान ए म्हणजे अटॅचमेंट. बीएसडी आणि ग्नूमध्ये तोच लहान ए म्हणजे ‘हेडरमध्ये (पत्राच्या वरच्या माहितीच्या ओळींत) ही ओळ वाढव’. ग्नूमध्ये अटॅचमेंटला कॅपिटल ए लागतो. तोच कॅपिटल ए हेअरलूम आणि एस-नेलला दिला तर त्या त्याचा अर्थ ‘या नावाचं खातं वापर’ असा घेतात. बीएसडी-मेलएक्सला अटॅचमेंट ही कल्पनाच मान्य नाही. उबुंटूवर तुम्ही फाइलचा पत्ता हेडर म्हणून घुसवू बघत होतात, मग कमांड कशी चालणार?

तुमच्याकडे कोणती आहे ते शोधायला उबुंटूवर ‘रीडलिंक हायफन एफ’ आणि पुढे मेलचा पूर्ण मार्ग द्या, खरं नाव बाहेर येईल. सेंटओएसवर ‘आरपीएम हायफन क्यूएफ’ पॅकेजचं नाव सांगतं.

यावर बहुतेक लोक दोन्ही सर्व्हरसाठी दोन कमांडी लिहून मोकळे होतात. मी ते करत नाही. रोज न चुकता आपोआप जायचा असेल तो मेल मी ‘मेल’ कमांडच्या वाटेला लावतच नाही. पत्र पूर्णपणे आपण लिहायचं, हेडरसकट, एका फाइलमध्ये, आणि ती फाइल ‘सेंडमेल हायफन टी हायफन आय’च्या हाती द्यायची. सेंडमेल हे नाव एरिक ऑलमनच्या ऐंशीच्या दशकातल्या प्रोग्रामचं. तो प्रोग्राम आज फारसा कोणी चालवत नाही, पण त्याचं नाव आणि त्याचे स्विच सगळ्यांनी जपलेत. मेल पुढे पाठवणारा आजचा कुठलाही प्रोग्राम घ्या, पोस्टफिक्स असो, एक्झिम असो की एमएसएमटीपी, प्रत्येक जण सेंडमेलचा मुखवटा घालून उभा असतो आणि हायफन टी, हायफन आय म्हटलं की तेच करतो. लहान टी म्हणजे पत्ते पत्रातूनच वाचून घे. लहान आय म्हणजे एखाद्या ओळीत नुसतं पूर्णविरामाचं टिंब आलं म्हणून पत्र संपलं असं समजू नकोस. ते आय विसरणाऱ्याचा मेल एक ना एक दिवस अर्ध्यावर तुटतो. गोषवाऱ्यात रिकाम्या रकान्यासाठी कोणीतरी टिंब टाकलेलं असतं आणि त्यापुढच्या सगळ्या शाखांचे आकडे गायब होतात. माझ्या बाबतीत हे ३१ मार्चला झालं होतं. अजून काय सांगू.

पत्राची घडण सोपी आहे. वर हेडरच्या ओळी, मध्ये एक पूर्ण रिकामी ओळ, खाली मजकूर. रिकाम्या ओळीत चुकून एखादी स्पेसही नको. हेडरमध्ये फ्रॉम, टू, सब्जेक्ट आणि त्याखाली तीन ओळी ज्या लोक गाळतात: माइम-व्हर्जन १.०, कंटेंट-टाइप ‘टेक्स्ट/प्लेन’ आणि कॅरसेट (अक्षरसंच) यूटीएफ-८, कंटेंट-ट्रान्स्फर-एन्कोडिंग बेस६४. या तीन ओळी म्हणजे पत्रावरचं ‘हे मराठीत आहे, असं वाचा’ हे लेबल. आपण ते स्वतः लिहिलं की क्रॉनचं लोकेल काय होतं, कमांड कुठली होती, हे प्रश्नच उरत नाहीत. खालचा मजकूर ‘बेस६४’ कमांडमधून काढायचा. ती बाइट साध्या रोमन अक्षरांत आणि आकड्यांत बदलते, आपणहून ७६ अक्षरांवर ओळ मोडते, आणि माइमला (मेलच्या घडणीच्या नियमांना) तेवढीच मर्यादा हवी असते.

बेस६४ का, क्वोटेड-प्रिंटेबल ही दुसरी पद्धत का नाही? इंग्रजीसाठी क्वोटेड-प्रिंटेबल उत्तम, उघडून वाचताही येतं. मराठीसाठी मात्र ते पैशांचा चुराडा. तिथे प्रत्येक बाइटला तीन अक्षरं लागतात, म्हणजे देवनागरीच्या एका चिन्हाला नऊ. बेस६४ मध्ये तीन बाइटना चार अक्षरं, म्हणजे एका चिन्हाला चारच. मजकूर निम्म्याहून कमी जागेत मावतो.

विषयाच्या ओळीला वेगळे नियम आहेत आणि मराठीवाले इथेच सर्वांत जास्त ठेचकाळतात. हेडरमध्ये कच्ची देवनागरी लिहू नका. काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी नाही. तिला एका ठरलेल्या वेष्टणात गुंडाळायचं: बरोबरचं चिन्ह, प्रश्नचिन्ह, कॅरसेटचं नाव, प्रश्नचिन्ह, कॅपिटल बी, प्रश्नचिन्ह, मग बेस६४ झालेला विषय, आणि शेवटी प्रश्नचिन्ह व बरोबर. असं एक वेष्टण जास्तीत जास्त ७५ अक्षरांचं असू शकतं. त्यातली १२ वेष्टणातच जातात आणि उरलेल्या ६३ पैकी बेस६४ च्या हिशेबाने ६० कामाची. म्हणजे एका वेष्टणात देवनागरीची फक्त १५ चिन्हं. चिन्हं म्हणतोय, अक्षरं नाही. ‘स्त्री’ आपल्याला एक अक्षर वाटतं, यंत्र तिथे सहा मोजतं: स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी.

‘दैनिक शाखा अहवाल’ हा विषय १४ चिन्हं आणि दोन स्पेस, मिळून ४४ बाइट. बेस६४ मध्ये बरोबर ६० अक्षरं. काठोकाठ बसतो. त्यापुढे तारीख जोडलीत की दुसरं वेष्टण हवं आणि ते पुढच्या ओळीवर, सुरुवातीला एक स्पेस देऊन. वाचणारा प्रोग्राम दोन वेष्टणांमधली ती स्पेस गिळून टाकतो, म्हणून शब्दांच्या मधली खरी स्पेस वेष्टणाच्या आत घालायला हवी. नाहीतर ‘अहवाल३१ मार्च’ असं चिकटून येतं. आणि तुकडा पाडताना बाइटवर नाही, चिन्हावर पाडायचा. तीन बाइटचं चिन्ह मधून कापलं की दोन्ही बाजूंना एकेक काळा प्रश्नचिन्हवाला चौकोन उभा राहतो. अशी अर्धवट कापलेली मात्रा ज्या पत्रात दिसेल तिथे समजा की कोणीतरी घाईत शेल स्क्रिप्ट लिहिली आहे.

हे सगळं हाताने करायचा कंटाळा आला तर पायथॉनचं ‘ई-मेल’ मॉड्यूल वापरा. त्यातला ईमेलमेसेज नावाचा क्लास विषयाचे तुकडे, लेबलं, अटॅचमेंट सगळं नियमाप्रमाणे करतो आणि दहाबारा ओळींत काम होतं. तयार झालेलं पत्र तरीही सेंडमेललाच द्या. मी स्वतः विषय छोटा ठेवतो, तारीख मजकुरात टाकतो आणि शेलवर भागवतो. अटॅचमेंट असेल तेव्हा मात्र हात आखडता घेतो. माइमचे भाग हाताने शिवत बसण्यापेक्षा पायथॉन किंवा मट हा टर्मिनलवरचा मेल प्रोग्राम. (आमच्या खोलीत त्याला सगळे ‘मठ’ म्हणतात.) मटची कमांड लक्षात ठेवण्यासारखी आहे: मट, हायफन एस आणि विषय, हायफन ए आणि फाइल, मग दोन हायफन सलग, मग पत्ता, आणि मजकुराची फाइल बाणाने आत. ते दोन हायफन गाळलेत की मट पत्त्यालाही फाइल समजून शोधत बसतो. क्रॉनमधून चालवायचं तर त्यालाही वर सांगितलेलं एलसी-सीटाइप हवंच. अटॅचमेंटच्या फाइलचं नाव रोमनमध्ये ठेवा. मराठी नावांनाही नियम आहे, पण तो सगळीकडे सारखा पाळला जात नाही. आणि बेस६४ मुळे फाइल एक तृतीयांशाने फुगते हे धरून चला. जीमेलची मर्यादा २५ एमबी, म्हणून मूळ फाइल अठराच्या आत.

आता ते दोन न पोचणारे मेल. कमांडने शून्य परत दिलं म्हणजे मेल पोचला, असं तुमच्या स्क्रिप्टला वाटतं. पत्र कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकल्यावर पेटी काही म्हणत नाही, तेवढाच त्या शून्याचा अर्थ. सेंडमेलने पत्र रांगेत घेतलं, संपलं. पुढचा प्रवास रांगेत होतो आणि त्याची हकीकत लॉगमध्ये लिहिलेली असते. ‘मेलक्यू’ दिलंत की रांगेत अडकलेली पत्रं आणि अडकण्याचं कारण समोर येतं. सेंटओएसवर ‘व्हार लॉग मेललॉग’ आणि उबुंटूवर ‘व्हार लॉग मेल डॉट लॉग’ ही फाइल उघडून त्या शाखेचा पत्ता शोधा. ‘सेंट’ दिसलं तर पलीकडच्या सर्व्हरने घेतलंय आणि शोध तिकडच्या स्पॅममध्ये करायचा. ‘डिफर्ड’ म्हणजे पुन्हा प्रयत्न होणार. ‘बाउन्स्ड’ म्हणजे परत आलं.

परत आलं तर कुठे आलं? तुम्हाला दिसलं कसं नाही? इथे ते पाकिटाचं प्रकरण. मेलला दोन ‘फ्रॉम’ असतात. एक पत्रातला, जो वाचणाऱ्याला दिसतो. दुसरा पाकिटावरचा, जो फक्त सर्व्हर एकमेकांना सांगतात. परत येणारं पत्र पाकिटावरच्या पत्त्यावर येतं. क्रॉनमधून मेल जातो तेव्हा पाकिटावर आपोआप ‘रूट ॲट’ आणि सर्व्हरचं घरगुती नाव पडतं. परतीची पत्रं मग त्याच सर्व्हरवरच्या रूटच्या पेटीत साठत राहतात. कधी एकदा ‘व्हार स्पूल मेल’मध्ये जाऊन रूटची फाइल बघा. मी एका ठिकाणी बघितली तेव्हा त्यात तीन वर्षांच्या तक्रारी होत्या. यंत्र रोज रात्री सांगत होतं आणि ऐकायला कोणी नव्हतं. सेंडमेलला हायफन एफ आणि ज्याची पेटी कोणी खरोखर उघडतं असा पत्ता द्या, म्हणजे परतीचा मेल माणसापर्यंत येईल.

पाकिटाचा पत्ता बरोबर असण्याला आणखी एक कारण आहे. पलीकडचे सर्व्हर पाकिटावरचं डोमेन बघून एसपीएफची नोंद तपासतात: या डोमेनच्या वतीने या आयपीवरून मेल पाठवायची परवानगी आहे का? फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी यात कडकपणा आणलाय. एसपीएफ किंवा डीकेआयएम (पत्रावरची डोमेनची डिजिटल सही) यांतलं एक तरी सगळ्यांनाच हवं, दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्याला दोन्ही आणि वर डीमार्कही (तपासणी फसली तर पत्राचं काय करायचं ते सांगणारी डोमेनची नोंद). ‘रूट ॲट लोकलहोस्ट’ अशा पाकिटाने थेट जीमेलच्या दारात गेलात तर आत घेणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

म्हणून सर्व्हरवरून थेट जगभर पत्रं वाटण्याच्या फंदात पडू नका. संस्थेचं जे अधिकृत मेल खातं आहे त्याच्याच सर्व्हरला पत्र द्या, पोर्ट ५८७ किंवा ४६५ वरून, पासवर्डसह. पोर्ट २५ सर्व्हर-सर्व्हरमधल्या बोलण्यासाठी. घरगुती आणि क्लाउडच्या जोडण्यांवर तो बऱ्याचदा बंदच असतो. या कामाला एमएसएमटीपी पुरेसा आहे. छोटा प्रोग्राम, एक सेटिंगची फाइल, सेंडमेलचा मुखवटा. त्याला रांग नसते, हे ध्यानात ठेवा: इंटरनेट नसेल तर तो तिथल्या तिथे एरर देतो, पुन्हा प्रयत्न तुमच्या स्क्रिप्टनेच करायचा. मला ते आवडतं. निदान शून्याला काही अर्थ येतो: पुढच्या सर्व्हरने पत्र खरोखर हाती घेतलं. ज्यांच्याकडे जोडणी सारखी तुटते त्यांनी पोस्टफिक्स ठेवावा आणि त्याला ‘सगळं त्या एका सर्व्हरकडे दे’ म्हणून सांगावं.

खातं जीमेलचं असेल तर नेहमीचा पासवर्ड चालणार नाही. मे २०२२ च्या अखेरीस ती वाट बंद झाली. खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. आणि कृपा करून तो कमांडच्या ओळीत लिहू नका. हेअरलूममध्ये कॅपिटल एस देऊन पासवर्ड तिथेच लिहिता येतो आणि नेटवरची निम्मी उत्तरं तेच शिकवतात. त्या क्षणी सर्व्हरवर ‘पीएस’ (चालू कमांडींची यादी) देणाऱ्या कुणालाही तो वाचता येतो आणि नंतर शेलच्या हिस्टरीत पडून राहतो. तो फाइलमध्ये ठेवा, फाइलची परवानगी ६०० करा, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल. पासवर्डवाली फाइल इतरांना वाचता येत असेल तर एमएसएमटीपी तोंडावर नकार देतो. पहिल्यांदा राग येतो, पण पासवर्ड वाचतो.

इथपर्यंत यंत्राने पाठवायच्या मेलबद्दल झालं. प्रश्नाच्या शेवटी तुम्ही सहज विचारलंत की टर्मिनलवर बसून माणसाने माणसाला पत्र लिहायला काय वापरावं. यावर मी उगाच लांब बोलेन, कारण माझी सुरुवातच तिथे झाली. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं तेव्हा विद्यार्थ्यांच्या वाट्याला शेल खातं यायचं. चित्र नाही, माउस नाही, मोडेमचा किंचाळा आणि काळ्या पडद्यावर पाइन. वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झालेला हा प्रोग्राम. त्याच्या एडिटरचं नाव पिको, आणि पत्र पाठवायला कंट्रोल एक्स. आज तुम्ही ज्या नॅनोमध्ये फाइली दुरुस्त करता तो त्याच पिकोचा नव्याने लिहिलेला अवतार, आणि तिथे कंट्रोल एक्स म्हणजे बाहेर पडणं. पहिले कित्येक महिने नॅनोतून बाहेर पडताना मला आपण काहीतरी पाठवतोय असंच वाटायचं. तेव्हा मराठी रोमनमध्ये लिहायचो, ‘kasa ahes’च्या धर्तीवर, आणि समोरच्याला कळायचंही.

साध्या ‘मेल’ कमांडमध्येही बसून पत्र लिहिता येतं. पत्ता देऊन एंटर करा, विषय विचारते, मग ओळीमागून ओळ लिहीत जा, शेवटी कंट्रोल डी. अडचण ही की आधीच्या ओळीवर परत जाता येत नाही. त्यासाठी तिल्दाच्या (~) खुणा आहेत, ओळीच्या अगदी सुरुवातीला द्यायच्या. तिल्दा व्ही दिलं की लिहिलेलं सगळं एडिटरमध्ये उघडतं. तिल्दा आर आणि फाइलचं नाव दिलं की ती फाइल पत्रात ओतली जाते. तिल्दा पी आतापर्यंतचं पत्र दाखवतं. तिल्दा क्यू म्हणजे फाडून टाकणं, आणि अशी फाडलेली पत्रं घरच्या फोल्डरमध्ये ‘डेड डॉट लेटर’ नावाने पडलेली सापडतात. नाव कोणी ठेवलं असेल ते असो, चपखल आहे.

यातली एक खोच फारशी कुठे सांगितलेली नसते. तुम्ही एसएसएचवरून सर्व्हरवर गेला असाल तर ओळीच्या सुरुवातीचा तिल्दा हा एसएसएचचाही इशारा आहे. तिल्दा व्ही मेलपर्यंत पोचतच नाही, मधल्या मध्ये एसएसएच तो स्वतःसाठी ठेवून घेतो. तिल्दा आणि टिंब दिलंत तर जोडणीच तुटते, अर्धवट पत्रासकट. दूरच्या सर्व्हरवर तिल्दा दोनदा टाइप करा, मग व्ही. पहिला एसएसएच खातो, दुसरा मेलला मिळतो.

रोजच्या पत्रव्यवहारासाठी मात्र मट. मायकेल एल्किन्सने १९९५ च्या सुमारास लिहायला घेतलेला. त्याचं ब्रीदवाक्यच असं की सगळे मेल प्रोग्राम टाकाऊ, हा जरा कमी टाकाऊ. मटला स्वतःचा एडिटर नाही. तो तुमचा विम किंवा नॅनो उघडतो, आणि म्हणून तुमच्या बोटांना जे येतं तेच चालतं. त्यातल्या दोन सेटिंगशिवाय मी राहू शकत नाही. ‘एडिट हेडर्स’ चालू केलं की विषय आणि पत्ते मजकुराच्या वर, त्याच फाइलमध्ये दिसतात. पाठवण्याआधी डोळा एकदा पत्त्यांवरून जातोच, आणि चुकीच्या पाटीलसाहेबांना गेलेली पत्रं निम्म्याने कमी होतात. दुसरं ‘अबॉर्ट नो-अटॅच’. पत्रात अटॅचमेंटचा उल्लेख आहे आणि फाइल जोडलेलीच नाही, तर मट थांबवून विचारतो. कोणते शब्द शोधायचे हे आपण सांगू शकतो. माझ्याकडे तिथे ‘सोबत’, ‘जोडल’ आणि ‘पाठवत आहे’ असे तीन तुकडे आहेत. ‘सोबत’मुळे कधीकधी फुकटचा अडवतो (‘तुमच्या सोबत बोललो त्याप्रमाणे’), पण ‘क्षमस्व, फाइल जोडायची राहिली’ हा माझा सर्वांत जास्त वेळा पाठवलेला मेल होता, तो बंद झाला.

गिट (कोडमधले बदल सांभाळणारा प्रोग्राम) वापरत असाल तर त्यातही ‘सेंड-ईमेल’ आहे. लिनक्स कर्नलचं काम अजून याच वाटेने चालतं: साधा मजकूर, अटॅचमेंट नाही, पॅच (कोडमधला बदल) पत्रातच. तिथे ‘ड्राय-रन’ दिलं की कोणाला काय जाणार ते आधी दाखवतो. पहिल्यांदा पाठवणाऱ्याने ते दिल्याशिवाय एंटर दाबू नये.

तुमच्याकडे परत येतो. आज रात्रीच्या आधी इतकं करा: दोन्ही सर्व्हरवर रूटची पेटी उघडून बघा, त्या दोन शाखांचं कारण तिथेच लिहिलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. क्रॉनटॅबच्या वर एलसी-सीटाइप टाका. स्क्रिप्ट सेंडमेलवर आणायला एखादा दिवस जाईल. ती आणली की पहिली रात्र सगळ्या शाखांना न पाठवता फक्त स्वतःला, एक जीमेलवर आणि एक आउटलुकवर अशी पाठवा, आणि जीमेलमध्ये ‘मूळ संदेश दाखवा’ करून एसपीएफपुढे ‘पास’ आहे का ते बघा. सेंटओएस ७ चा पाठिंबा ३० जून २०२४ ला संपलाय. पतसंस्थेचे आकडे असलेलं यंत्र त्यावर ठेवू नका. तो सर्व्हर काढाल तेव्हा उरलेली स्क्रिप्ट उबुंटूवर एक अक्षरही न बदलता चालेल.